युद्धनौकेचं रडार २५० किमी बघतं, मग समुद्रालगत येणारं क्षेपणास्त्र उशिरा का दिसतं?

खानापूरहून तुम्ही विचारलंय, की कारवारला पाहिलेल्या नौकेच्या रडारचा पल्ला २५० किमी सांगतात, तर लाटांना चिकटून येणारं क्षेपणास्त्र २५-३० किमीवरच का सापडतं. रडारची ताकद वाढवून भागणार नाही का? नाही भागणार. आड येते पृथ्वीची गोलाई.

हिशेब सोपा आहे. अँटेना आणि लक्ष्य यांच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं काढा, बेरजेला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. हवेत लहरी जरा वाकतात, ते ४.१२ मध्ये धरलेलं आहे. अँटेना २५ मीटरवर, क्षेपणास्त्र ५ मीटरवर: (५ + २.२४) × ४.१२, म्हणजे सुमारे ३० किमी. येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढलं की नजर लांब पोचते, तसंच हे. पण वर्गमुळामुळे फायदा लवकर आटतो. मास्ट (अँटेना बसवायचा उंच खांब) ५० मीटर केला तरी ३८ किमीच, आणि वरच्या वजनानं नौकेचा तोल बिघडतो तो वेगळाच.

सेकंदाला २७० मीटर जाणारं क्षेपणास्त्र हे ३० किमी ११० सेकंदांत कापतं, ८५० मीटरवालं ३५ सेकंदांत. मिनिटाला १२ फेरे घेणारी अँटेना ५ सेकंदांनी एकदा बघते. तीनदा दिसल्यावर खात्री धरायची तर त्या ३५ मधले १० तिथेच गेले! म्हणून २०१४ मध्ये नौदलात आलेल्या आयएनएस कोलकाता या युद्धनौकेवर एमएफ-स्टार या रडारचे चार स्थिर फलक आहेत. किरण इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं वळतो, संशय आला की त्याच जागी लगेच पुन्हा बघता येतं.

खरी डोकेदुखी मात्र पाण्याची. एमएफ-स्टार एस बँड या रेडिओलहरींच्या पट्ट्यात चालतं, तरंगलांबी १० सेंमीच्या आसपास. समजा अँटेना २ मीटरची असेल, तर किरण साधारण ३.५ अंशांचा, २० किमीवर १२०० मीटर रुंद. त्यात क्षेपणास्त्र आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब दोन्ही मावतात. दोन्हींकडून आलेल्या लहरी कधी एकमेकींना खोडतात, कधी उंची चुकीची दाखवतात. फ्रीक्वेन्सी सतत बदलत राहणं हा एक उपाय. ३ सेंमीच्या एक्स बँडवर तोच किरण अंशभराचा होतो, पण पावसात हा बँड जास्त मार खातो, म्हणून दूरच्या शोधाला तो घेत नाहीत. येणारं क्षेपणास्त्र पाडायला नौकेवरून सोडतात त्या बराक-८ क्षेपणास्त्राच्या नाकात स्वतःचं रडार आहे, त्यामुळे शेवटचा नेम नौकेवर अवलंबून राहत नाही.

क्षितिज खरोखर लांबवायचं तर अँटेना आकाशात न्यावी लागते. रडार घेऊन उडणारं कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर ३००० मीटरवर गेलं, की त्याच सूत्रानं २३५ किमी येतात. तिथे मात्र तुमचा ताकदीचा मुद्दा लागू होतो, कारण हेलिकॉप्टरला पेलवेल एवढंच रडार त्याला बसवता येतं.