लांज्याच्या मुलीला उत्तर: परदेशी संशोधनाला जा, पण बाग गहाण टाकू नकोस

तुझा प्रश्न दोनदा वाचला. औषधशास्त्रात एम.फार्म. झालं आहे, अडीच वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात ट्रायल कोऑर्डिनेटर, म्हणजे औषधचाचण्यांची समन्वयक, आहेस. आता ब्रिटनमध्ये क्लिनिकल रिसर्चचा एक वर्षाचा एम.एस्सी. करायचा आहे. फी, राहणं, खाणं धरून खर्च तीस लाखांच्या पुढे जातोय आणि बाबा लांज्याची हापूसची बाग बँकेत तारण ठेवायला तयार आहेत. शेवटी विचारलंयस, "ताई, जाऊ का?"

जा. पण या वाटेनं नको.

मी गुहागर तालुक्यातली. एम.फार्म. करून तुझ्यासारखीच दोन वर्षं तिकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात काम केलं, २०१५ मध्ये पीएच.डी.साठी जर्मनीत आले आणि आता एका विद्यापीठ रुग्णालयाच्या ट्रायल विभागात आहे. त्यामुळे तुझं आजचं टेबल कसं दिसतं ते मला ठाऊक आहे: फायलींचा ढीग, सेंट्रिफ्यूजची घरघर, आणि "डॉक्टर कधी येणार?" म्हणून दारात उभे असलेले आजोबा.

आधी पैशांचं बोलू, कारण घरी सगळे त्याच विषयावर गप्प बसत असतील. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला आरोग्य अधिभारच वर्षाला ७७६ पौंड भरावा लागतो. पदवीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा आजवर दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीडच वर्षाचा मिळणार. तेवढ्या काळात अशी नोकरी हवी की जिथला मालक तुला स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल कामगारांच्या, व्हिसासाठी पुरस्कृत करेल. त्यासाठी पगाराची अट जुलै २०२५ पासून साधारण ४१,७०० पौंड आहे. नव्यानं पदवी घेतलेल्यांना सवलत मिळते, तरी ३३,४०० च्या खाली चालत नाही. ट्रायल कोऑर्डिनेटरच्या सुरुवातीच्या पदांच्या जाहिराती मी कामानिमित्त बघत असते. बऱ्याच ठिकाणी पगार या दोन्ही आकड्यांच्या खाली असतो. म्हणजे अठरा महिने धावपळ करून तू परत येशील, आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहील.

तुझ्या बाबांनी ती कलमं लावली तेव्हा पहिली तीन-चार वर्षं मोहोर आला तरी खुडून टाकला असेल, झाडाला बळ यावं म्हणून. अशी बाग एका वर्षाच्या पदवीपायी तारण ठेवायची नाही. शिवाय त्या अभ्यासक्रमात शिकवतात ते प्रोटोकॉल, संमतिपत्र, एथिक्स कमिटी, प्रतिकूल घटनांची, म्हणजे चाचणीत रुग्णाला झालेल्या त्रासाची, नोंद, आणि यातलं बरंचसं तू रोज करतेस. मी निघण्याआधी मुंबईतल्या एका सल्लागाराच्या सांगण्यावरून पन्नास हजार भरून सहा महिन्यांचा डिप्लोमा केला होता. इथे आल्यापासून एकाही मुलाखतीत त्याच्याबद्दल कुणी विचारलेलं नाही. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, म्हणजे चाचण्या कशा करायच्या त्या नियमांचं, प्रमाणपत्र ऑनलाइन फुकट मिळतं, ग्लोबल हेल्थ नेटवर्कचं घे. जानेवारी २०२५ मध्ये या नियमांची नवी आवृत्ती, ई सिक्स आर थ्री, पक्की झाली. ती मुळातून वाच, मुलाखतीत हमखास निघते.

मुलाखतीत मला विचारलं गेलं ते तिकडच्या कामाबद्दल. पावसाळी तापाच्या एका छोट्या अभ्यासात मी होते, लेप्टोस्पायरोसिसचा. त्यात रक्ताचा एक नमुना पुरत नाही. पहिला नमुना ताप असताना आणि दुसरा साधारण दोन आठवड्यांनी घ्यायचा. प्रतिपिंडांचं प्रमाण चौपट वाढलं तर निदान पक्कं. पहिल्या नमुन्याला माणूस तापानं फणफणत येतोच. दुसऱ्याच्या वेळी तो बरा झालेला असतो आणि नेमकी लावणी चालू असते. मग रुग्णालयात कोण येणार? मी आणि एक आरोग्यसेविका डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन बांधावरून गेलो. एका बाईनं गुडघाभर चिखलातून वर येऊन हात पुढे केला. कोपरापर्यंत चिखल. आम्ही कळशीतल्या पाण्यानं धुतला, दोनदा स्पिरिटनं पुसला, पाच मिली रक्त घेतलं. रुग्ण क्रमांक, तारीख, वेळ मी तिथेच, छत्रीखाली लिहिली. ती म्हणाली, "बाय, कागद भिजेल, आधी तो ठेव."

ही गोष्ट मी मुलाखतीत सांगितली, तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "वेळ तिथेच लिहिलीत की परत आल्यावर?" आमच्या कामातला खरा प्रश्न हाच. नोंद घडल्या क्षणी करायची, कुणी केली ते कळलं पाहिजे, आणि चुकलं तर व्हाइटनर लावायचा नाही: आडवी एक रेघ, नवा आकडा, सही, तारीख. तू हे अडीच वर्षं केलं असशील तर तुझ्याकडे जे आहे ते वर्गात बसून मिळत नाही.

आता देश निवडण्याआधी प्रश्न निवड, ही माझी सगळ्यात मोठी विनंती. "क्लिनिकल रिसर्चमध्ये जायचंय" हे फार मोघम झालं. कशावर? कर्करोग, हृदय, संसर्ग, मधुमेह, पेशी-उपचार? मला स्वतःला साध्या प्रश्नांचे अभ्यास आवडतात, आणि त्यातला एक आपल्याच किनाऱ्यावर झालेला आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. लाल विंचू चावला की माणूस घामानं भिजतो, हातपाय गार पडतात, हृदय आणि फुप्फुसं कोलमडतात. हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपलं आणि १९८२ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. पुढे रक्तदाबाचं जुनं, स्वस्त औषध प्रॅझोसिन त्यांनी विंचूदंशावर वापरलं. २०११ मध्ये बीएमजे या तशाच नियतकालिकात त्यांची चाचणी छापून आली: ७० रुग्ण, निम्म्यांना फक्त प्रॅझोसिन, निम्म्यांना त्यासोबत प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्यात ३५ पैकी ३२. महाडसारख्या गावातली ही चाचणी, आणि आकडे इतके बोलके. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

याच्या शेजारी ब्रिटनची रिकव्हरी चाचणी ठेवून बघ. मार्च २०२० मध्ये सुरू झाली, जूनमध्ये निकाल हाती. तिथेही औषध जुनं आणि स्वस्त, डेक्सामेथासोन. व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. थकलेल्या वॉर्डातही भरता येईल इतका छोटा फॉर्म त्यांनी केला, म्हणून ते इतक्या लवकर जमलं. तिसरी चाचणी झारखंडची, रेशन्स नावाची, मंगळूरच्या डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांची, २०२३ ची. क्षयरोग्यांच्या घरच्या १०,३४५ माणसांचा अभ्यास. ज्या घरांत सगळ्यांना दरमहा शिधा दिला, तिथे क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. डाळ-तांदळानं! हा निकाल वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. इतका साधा प्रश्न, इतक्या उशिरा का विचारला गेला, हेच डोक्यात घोळत राहिलं.

तुझ्या आणि शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही असे प्रश्न पडून आहेत. फुरसं हा विषारी साप घे. आपल्या कातळावर, कलमांच्या बुंध्याशी, चिऱ्यांच्या गडग्यात ते सर्रास असतं. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर असतं, पण त्यासाठीचं विष मुख्यत्वे तमिळनाडूतल्या इरुळा सहकारी संस्थेकडून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कामातून दिसलं आहे. मग आपल्या फुरशावर ते प्रतिविष किती चालतं, हा प्रश्न उरतोच. दुसरीकडे व्हॅरेस्प्लाडिब नावाची गोळी आली, जी दंशानंतर रुग्णालय गाठण्याआधीच देता येईल अशी आशा आहे. भारत आणि अमेरिकेत तिची चाचणी झाली. मुख्य निकषावर फरक दिसला नाही, पण दंशानंतर पाच तासांच्या आत ज्यांना ती मिळाली त्यांच्यात फायद्याची चिन्हं होती. आंबोली घाटाखालच्या किंवा राजापूरच्या आतल्या वाडीतून सरकारी दवाखान्यात यायला किती वेळ लागतो, ते तुला माहीत आहे. इथल्या प्राध्यापकाला ते नकाशावर कळत नाही. तसाच माकडताप. जानेवारी २०१६ मध्ये दोडामार्गात आला, काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांना गोचीड चावून होतो. यातला एखादा विषय तुझा असेल तर ब्रिटनला जाण्यात अर्थ आहे, कारण लिव्हरपूल स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये सर्पदंशाचं स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. पण तेही शिष्यवृत्तीवर. कॉमनवेल्थसाठी अर्ज कर, चेव्हनिंगसाठी कर. चेव्हनिंगला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, तुझा सहज भरतो. नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. ती तुला अडचण वाटणार नाही, असं तुझ्या लिहिण्यावरून वाटलं.

शिष्यवृत्ती नाही मिळाली तर जर्मनीत पीएच.डी. तू एम.फार्म. आहेस, म्हणजे थेट अर्ज करू शकतेस. इथे बहुतेक पीएच.डी. म्हणजे नोकरीच असते. जीवविज्ञानात सहसा पूर्ण पगाराच्या ६५ टक्क्यांचा करार मिळतो, हातात महिन्याला दोन हजार युरोच्या आसपास येतात. त्यात एकट्या माणसाचं भागतं आणि थोडं शिल्लक राहतं. युरोपभर मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क या युरोपीय संघाच्या योजनेतली पीएच.डी.ची पदं निघतात, पगार आणखी बरा. मुख्य अट अशी की गेल्या तीन वर्षांत त्या देशात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेली नसावीस. एजंट लागत नाही. प्राध्यापकाला स्वतः लिहायचं, एका पानात, त्यांचा एखादा शोधनिबंध खरोखर वाचून. मी त्रेचाळीस पत्रं लिहिली, सहा उत्तरं आली, दोन मुलाखती झाल्या.

अमेरिकेचा विचार सध्या बाजूला ठेव. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झाल्यापासून तिथे निघालेली माझ्या ओळखीची मुलं खोळंबली आहेत.

आणि भाषा. प्रयोगशाळेत इंग्रजी चालतं, म्हणून मी पहिली दीड वर्षं जर्मन टाळली. मग एका औषधाच्या अभ्यासात रुग्णांना भेटायची वेळ आली. एक वयस्क बाई गोळी घेतल्यावर पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मीर इस्ट मुल्मिश." मला वाटलं, दमल्या असतील. मी काहीच लिहिलं नाही. संध्याकाळी सिस्टर सांगायला आली की त्यांना मळमळत होतं, पोटात ढवळत होतं. प्रतिकूल घटना म्हणून ती नोंद व्हायला हवी होती, आणि माझ्यामुळे राहिली होती. वेळेत दुरुस्त झाली, बाईंना काही झालं नाही, पण त्या रात्री मी खूप रडले. कारण तिकडे कुणी "गरगरतंय" म्हणालं, कुणी "जीव कासावीस होतोय" म्हणालं, कुणी नुसतंच "कसंतरी होतंय" म्हणून छातीवर हात ठेवला, तरी मला फरक कळायचा. त्यावर माझं काम उभं होतं. इथे मी बहिरी होते.

म्हणून निघण्याआधी जर्मनची किमान बी-वन, म्हणजे मधली पातळी, पूर्ण कर. जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन मुंबईत आणि पुण्यातही आहे, ऑनलाइन वर्गही असतात. तुझ्या नोकरीच्या वेळा बघता वर्षभर लागेल. ते वर्ष वाया जातंय असं मानू नकोस. त्याच काळात आर ही आकडेवारीची प्रणाली शीक, ती फुकट आहे, आणि तुमच्या रुग्णालयातल्या एखाद्या अभ्यासात लेखिका म्हणून तुझं नाव लागेल असं काम मागून घे. नाव लागणार का, हे सुरुवातीलाच स्पष्ट विचार. मला विचारायचा संकोच वाटला आणि दोन वर्षांच्या कामावर माझं नाव कुठेच आलं नाही.

आईबाबांना सांग की पीएच.डी.ला तीन-चार वर्षं लागतात. गणपतीला दर वर्षी येणं होत नाही, मला दोनदाच जमलं. शिमग्याला पालखी अंगणात येते तेव्हा भाऊ व्हिडिओ कॉल लावतो आणि मी फ्रीझरच्या खोलीबाहेर उभी राहून बघते. हे त्यांना आत्ताच माहीत असू दे.

बी-वनची परीक्षा एप्रिल-मेमध्ये घेऊ नकोस, आंब्याच्या गडबडीत तुझा अभ्यास होणार नाही. पहिलं पत्र लिहिलंस की आधी मला पाठव, मी वाचून खुणा करून देते. आणि बँकेत कागद दिले असतील तर या आठवड्यातच परत आण.