नवीन बस मागू नका, आहे तीच गावात झोपवा

प्रश्न : आमचा गाव वाळपईपासून 12 किलोमीटर आत. सकाळी एकच प्रायव्हेट बस आहे, 7.10 ची. ती 7.50 ला वाळपईत पोचते आणि साखळी-आमोणे करून पणजीला जाणारी गाडी 7.45 ला सुटलेली असते. मुलगी खांडोळ्याच्या कॉलेजात आहे, पहिलं लेक्चर रोज बुडतं. संध्याकाळची शेवटची 6.15 ला, पण पॅसेंजर कमी असले की कंडक्टर सरळ सांगतो आज गाडी येणार नाही, मग पायलट (भाड्याची मोटरसायकल) नाहीतर कोणाची तरी स्कूटर. नवीन बस द्या म्हणून 200 सह्या घेतल्यात, निवेदन कुणाला द्यायचं?
— एक आई, सत्तरी, गोवा

उत्तर : ताई, निवेदन द्या, पण आधी त्यातलं 'नवीन बस द्या' हे वाक्य खोडा. तुमचं घोडं पाच मिनिटांवर अडलंय हो, बसवर नाही. नवीन बस म्हटलं की गाडी, ड्रायव्हर, डिझेल सगळा हिशोब निघतो आणि कागद फायलीत जाऊन बसतो. तीच गाडी 6.55 ला सोडा म्हटलं तर काम सोपं.

आता ड्रायव्हरला विचारून बघा सकाळी तो कुठून येतो. तो वाळपईहून रिकामी गाडी घेऊन वर येत असणार, म्हणजे तुमच्या 7.10 साठी त्याला साडेसहाच्या आत निघावं लागतं, त्यात अजून पंधरा मिनिटं आधी म्हटलं तर तो कुरकुरणारच आणि रिकाम्या फेरीचं डिझेल मालकाच्या खिशातून. संध्याकाळी उलटं, वर चार माणसं आणायची आणि रिकामं परत जायचं, म्हणून फेरी बुडवतात. दोन्ही दुखण्यांना औषध एकच, वस्तीची गाडी. गाडी रात्री गावातच राहिली की सकाळी लवकर सुटायला त्रास नाही आणि रात्री तिला गावात यावंच लागतं, पॅसेंजर चार असोत की चाळीस! मग शेवटची फेरी 7.30 ला ढकलायचीही सोय होते.

पण गाडी झोपवायची तर माणसं पण झोपवावी लागतात. ड्रायव्हर-कंडक्टर दोघांना एक खोली, पंखा, संडास, सकाळी आंघोळीला पाणी आणि गाडी वळवायला मोकळी जागा. देवळाची नाहीतर पंचायतीची एखादी खोली बघा. जूनमध्ये ती गळते का तेही बघा, कारण ओल्या गादीवर दोन रात्री काढल्या की तिसऱ्या रात्री गाडी वाळपईलाच थांबते. हे निवेदनात लिहिलंत की, सोय आम्ही करतो, तर 200 सह्यांपेक्षा जास्त वजन पडेल.

कागदाचं म्हणाल तर प्रायव्हेट बसचं टाइमटेबल परमिटच्या अटींत असतं, मोटार वाहन कायदा 1988, कलम 72. मनात येईल तेव्हा फेरी बुडवणं हा अटीचा भंग, त्यावर कलम 86 खाली परमिट सस्पेंड होऊ शकतं. तुमच्या बसला नेमकी कुठली वेळ मंजूर आहे ते माहिती अधिकारात वाहतूक खात्याकडे मागा, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर. तोवर वहीत रोज लिहा, गाडी किती वाजता सुटली, कधी पोचली, कुठल्या दिवशी आलीच नाही. तीन आठवडे पुरे. मग ग्रामसभेत ठराव घ्या आणि ठराव, वहीची झेरॉक्स, खोलीचं पत्र असं एकत्र परमिट देणाऱ्या परिवहन प्राधिकरणाला द्या. मालकाला आधी भेटा मात्र, त्याच्याशी भांडून वेळ बदलली तर तो खोलीत राहणार नाही. 6.55 च्या आसपास त्याच रस्त्यावर दुसऱ्या कुणाची बस असेल तर तो मालक हरकत घेईल, तेही आधीच विचारून ठेवा. मालक अजिबात ऐकत नसेल तर हाच कागद कदंब या सरकारी बस महामंडळाकडे न्या. म्हजी बस योजनेत प्रायव्हेट गाड्या कदंबखाली किलोमीटरच्या पैशावर धावतात, तिथे पॅसेंजर कमी म्हणून फेरी बुडवण्यात मालकाला फायदा नाही.

प्रश्न : आमच्या वाड्यावर बस आत येत नाही, मेन रस्त्यावरूनच जाते. ती आत वळवता येईल का?
— डिचोलीचा वाचक

उत्तर : वाडा किती आत ते तुम्ही लिहिलंच नाही. दीड किलोमीटर धरू. आत जाऊन-येऊन तीन, अरुंद रस्ता, वळवणं, म्हणजे दहा मिनिटं गेली. उद्या पुढचा वाडाही तेच मागणार, झाली वीस! कामावर जाणारी माणसं मग बस सोडून स्कूटर घेतात आणि पॅसेंजर तुटला म्हणून फेरीच बंद पडते. वाईट वाटेल, पण मी तिठ्यावर पत्र्याची शेड आणि वाटेवर दिवे मागा म्हणेन. म्हाताऱ्या माणसांसाठी दुपारची एक फेरी आत वळवा, त्या वेळी कुणाला घाई नसते, बाजाराच्या पिशव्या घेऊन बायका पण त्याच गाडीला असतात.