माल कालवताना पाण्याचा हिशेब

या वेळचे प्रश्न वीटकामाच्या मालाविषयी आहेत. सिमेंट, वाळू आणि पाणी, जिन्नस मोजून तीन. सिमेंटची सगळ्यांना काळजी, वाळूची थोडी, पाणी मात्र कुणीच मोजत नाही आणि बहुतेक घोळ तिथेच होतो.

प्रश्न : बागेत 5 मीटर लांब, 1.2 मीटर उंच आणि सुमारे 20 सेंटिमीटर जाड भिंत स्वतः बांधायची आहे. सिमेंट आणि वाळू किती लागेल? सिमेंट जितके जास्त तितकी भिंत पक्की, असे सगळे सांगतात. तसेच करू का?

नका करू. माल विटेपेक्षा जरा मऊच असावा. पाया किंचित बसला, उन्हाने भिंत फुगली आणि रात्री आकसली, की तडा कुठेतरी जाणारच. माल मऊ असेल तर तो सांध्यासांध्याने पायऱ्या उतरल्यासारखा जातो. सांधा खरवडून पुन्हा भरता येतो. माल विटेहून कडक असेल तर तडा विटा चिरत जातो आणि मग ती वीटच बदलावी लागते. शिवाय सिमेंट वाढले की सुकताना माल जास्त आकसतो आणि विटेच्या कडेने केसासारख्या भेगा पडतात.

तुमच्या भिंतीला 1 भाग सिमेंट आणि 6 भाग वाळू पुरे. अर्ध्या विटेची, म्हणजे 10 सेंटिमीटरची पडदी असती तर 1:4 म्हटले असते. जमिनीखालच्या आणि जमिनीलगतच्या, सतत ओल लागणाऱ्या थरांनाही 1:4 वापरा.

आता हिशेब. भिंतीचे घनफळ 1.2 घनमीटर. 19 × 9 × 9 सेंटिमीटरची वीट आणि 1 सेंटिमीटरचा सांधा धरला तर घनमीटरला 500 विटा बसतात. म्हणजे 600 विटा, फुटतूट धरून 630 आणा. माल सांडलवंडीसह 0.3 घनमीटर लागेल. कोरडे जिन्नस पाणी पडल्यावर खाली बसतात, कारण सिमेंट वाळूच्या कणांमधल्या फटीत शिरते. म्हणून तयार मालाच्या सुमारे 1.33 पट कोरडे जिन्नस धरायचे. इथे ते 0.4 घनमीटर होतात. त्याचे सात भाग केले तर सिमेंट 57 लिटर आणि वाळू 343 लिटर. 50 किलोची गोणी सुमारे 35 लिटर भरते, तेव्हा दोन गोण्या घ्या, थोडे उरेल. वाळूचा आकडा कोरड्या वाळूचा आहे, आणि ढिगातली वाळू कोरडी नसते. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

प्रश्न : मी प्रत्येक वेळी त्याच घमेल्याने मोजून 1:6 माल करतो. तरी सकाळच्या थरांचा रंग वेगळा आणि दुपारच्या थरांचा वेगळा येतो. मोजण्यात तर चूक नाही, मग चुकते कुठे?

चूक वाळूच्या फुगवट्यात आहे. ओलसर वाळूच्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तो कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो आणि तेवढीच वाळू जास्त जागा घेते. साधारण 5-6 टक्के ओलावा असताना हा फुगवटा सर्वांत जास्त असतो. मध्यम वाळू 25 टक्क्यांपर्यंत सहज फुगते, बारीक वाळू त्याहूनही जास्त. गंमत अशी की वाळू पूर्ण पाण्यात बुडवली की फुगवटा नाहीसा होतो आणि ती कोरडीइतकीच जागा घेते.

यावरूनच तपासणी करता येते. सरळ बाजूंच्या डब्यात ओलसर वाळू न दाबता 20 सेंटिमीटरपर्यंत भरा. ती बाहेर काढा, डब्यात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, वाळू पुन्हा हळूहळू आत सोडा आणि काठीने ढवळून बसू द्या. वाळू आता 16 सेंटिमीटरवर आली, तर 4 भागिले 16, म्हणजे फुगवटा 25 टक्के. अशा वाळूची सहा घमेली म्हणजे खरी वाळू पाचालाही कमीच, 4.8 घमेली. तुमचा सकाळचा माल 1:6 नव्हे, 1:4.8 होता. दुपारी ढिगाचा वरचा भाग वाळला की त्याच मापाने खरा 1:6 निघतो. रंग म्हणूनच बदलला.

उपाय सोपा : 25 टक्के फुगलेल्या वाळूची सहाऐवजी साडेसात मापे घ्या. वाळूचा ढीग झाकून ठेवा, म्हणजे ओलावा दिवसभर सारखा राहील. मापही घमेल्यापेक्षा सपाट तोंडाची पेटी किंवा बादली बरी. तोंडाशी फळी फिरवून सारखी करता येते. घमेल्यावरचा उंचवटा दरवेळी वेगळा असतो. फावड्याने मोजायचे तर नावच काढू नका : ओली वाळू फावड्यावर ढिगाने बसते, सिमेंट मात्र घसरते.

प्रश्न : हाताने माल कालवायची नेमकी रीत सांगा. एका वेळी किती करावा?

आधी किती ते पाहू. पाणी घातल्यापासून दोन तासांत माल संपला पाहिजे, कडक उन्हात त्याहून लवकर. नवशिक्या हाताने तासाला 25-30 विटा सरळ लागल्या तरी खूप. 5 लिटर सिमेंट आणि 30 लिटर कोरड्या मापाची वाळू यांतून सुमारे 26 लिटर माल होतो, त्यात पन्नासेक विटा बसतात. तुमच्या हाताला एवढाच घाणा योग्य. अख्खी गोणी एकदम फोडून कालवण्याचा मोह टाळा.

जागा पाणी न पिणारी हवी : लोखंडी पत्रा, गुळगुळीत कोबा किंवा जाड प्लायवूड. मातीवर कालवलात तर माती वर येते आणि पाणी खाली जाते. वाळू चाळून पसरा, तिच्यावर सिमेंट सारखे पसरा आणि फावड्याने सगळा ढीग उचलून शेजारी टाका. पुन्हा परत. असे निदान तीनदा कोरडेच. प्रत्येक वेळी फावडे ढिगाच्या तळापर्यंत गेले पाहिजे. ढिगात राखाडी पट्टा किंवा वाळूचा स्वच्छ रंग कुठेही दिसेनासा झाला, की कोरडा माल एकजीव झाला समजा. बहुतेक जण इथेच घाई करतात. पाणी पडल्यावर सिमेंटच्या गाठी फोडणे दुप्पट कष्टाचे.

मग मधोमध आळे करा आणि लागेल वाटते त्याच्या तीन चतुर्थांश पाणी आत ओता. लक्षात असू द्या, 30 लिटर वाळू म्हणजे 45 किलोच्या आसपास. 5 टक्के ओल असेल तर सव्वादोन लिटर पाणी आधीच आत आहे. काठचा कोरडा माल थोडा थोडा आत ढकला. आळ्याचा काठ फुटू देऊ नका, कारण पळालेले पाणी आपल्याबरोबर सिमेंट घेऊन जाते. पाणी जिरले की ढीग उलटून-पालटून, फावड्याच्या पाठीने चिरडत कालवा. उरलेले पाणी आता तांब्या-तांब्याने.

झाला की नाही हे कसे ओळखावे? ढीग सपाट करा आणि फावड्याच्या कडेने त्यावर वरंबे ओढा. वरंबे ढासळले तर पाणी जास्त. कडा चिरल्या, भुसभुशीत झाल्या तर कमी. कडा गुळगुळीत, उभ्या आणि पाणी सुटलेले नाही, तर बरोबर. दुसरी खूण थापीवर : थोडा माल घ्या, मनगटाने एक हलका झटका देऊन तो बसवा आणि थापी हळूच उलटी करा. चांगला माल क्षणभर तसाच लटकून राहतो. पाणी जास्त झालेच तर नुसती वाळू टाकून घट्ट करू नका. वाळू आणि सिमेंट त्याच प्रमाणात कोरडे मिसळून घाला.

मिक्सर असेल तर क्रम वेगळा. आधी थोडे पाणी, मग अर्धी वाळू, सिमेंट, उरलेली वाळू आणि शेवटी लागेल तसे पाणी. सगळे आत गेल्यावर 3 ते 5 मिनिटे फिरवा. सिमेंट आधी टाकले तर ते ओल्या पिंपाच्या मागच्या भागाला चिकटून बसते.

प्रश्न : जेवणाच्या सुट्टीत माल घट्ट होतो. पाणी मारून पुन्हा वापरला तर चालतो का?

कशाने घट्ट झाला त्यावर आहे. नुसते पाणी उडून गेले असेल आणि दोन तास व्हायचे असतील, तर शिंपडाभर पाणी घालून नीट परतून घ्या. त्यात गैर नाही. सिमेंट धरू लागले असेल, म्हणजे फावडे घातल्यावर ढेकळे निघत असतील, तर तो माल फेका. पाण्याने तो मऊ दिसतो, पण जुळलेला सांगाडा एकदा मोडला की पुन्हा तसा जुळत नाही. सुट्टीच्या आधी घाणा लहान करा आणि उरलेला ओल्या गोणपाटाने झाका.

प्रश्न : दगड भरडून केलेली वाळू वापरतो. माल खरखरीत होतो, थापीवरून सुटा होऊन पडतो. त्यात भांडी घासायचे द्रव साबण घातले तर माल लोण्यासारखा होतो म्हणतात.

होतो खरा, हवेमुळे. साबण मालात बुडबुडे भरतो. किती ते ना साबणाच्या बाटलीवर लिहिलेले असते ना तुमच्या हातात. हवा जास्त झाली की माल पोकळ राहतो आणि विटेला धरत नाही. शिवाय त्यातले क्षार पुढे भिंतीवर फुटू शकतात. मालासाठीच बनवलेले मिश्रण मिळते. ते डब्यावर लिहिलेल्या मापाने, पाण्यात मिसळून घाला.

पण मुळात तुमच्या वाळूत बारीक कण कमी आणि टोकदार कण जास्त असावेत. अशी वाळू पाणी धरत नाही. तिच्यात थोडी बारीक, गोलसर कणांची वाळू मिसळून पाहा. त्याहून चांगला जुना उपाय म्हणजे चुना : 1 भाग सिमेंट, 1 भाग विरवलेला चुना, 6 भाग वाळू. चुन्याची फक्की आदल्या दिवशी पाण्यात कालवून रात्रभर मुरू दिली तर माल आणखी मऊ होतो. चुना पाणी धरून ठेवतो, त्यामुळे तापलेली वीटही मालाला लगेच कोरडे करू शकत नाही. आमचे मत विचाराल तर वीटकामात चुना सोडून आपण सोय घालवली.

बारीक कण हवेत म्हणून मातकट वाळू मात्र नको. पारदर्शक बाटलीत वाळू घ्या, चिमूटभर मीठ घातलेले पाणी ओतून जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. 12 सेंटिमीटर वाळूवर 1 सेंटिमीटरहून जाड गाळ बसला तर ती धुऊन घ्या किंवा बदला.

प्रश्न : बांधून महिना झाला. सांध्यावर खिळा ओढला की माल पिठासारखा निघतो. प्रमाण 1:5 होते, सिमेंटही ताजे. विटा मात्र भिजवल्या नव्हत्या.

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. कोरडी भाजकी वीट मालातले पाणी काही मिनिटांत ओढून घेते; सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. विटा बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा, काढून निथळू द्या आणि वरचे पाणी सुकल्यावर लावा. चकचकीत ओली वीटही वाईट : ती मालावर तरंगते, सरकते. लावल्यावर मिनिटाभराने एखादी वीट उचलून पाहा. माल वरच्या आणि खालच्या दोन्ही विटांना भरभरून चिकटलेला दिसला पाहिजे. एक बाजू स्वच्छ निघाली तर ओलाव्यात गडबड आहे. काँक्रीटच्या ठोकळ्यांना हा नियम लागू नाही. ते भिजवले तर पुढे वाळताना आकसतात आणि भिंत तडकते.

बांधकामाला दुसऱ्या दिवसापासून निदान 7 दिवस पाणी मारायचे असते. आता महिन्यानंतर पाणी मारून उपयोग नाही. पिठूळ थर 15-20 मिलिमीटर खोल खरवडा, ब्रशने झाडा, सांधा ओला करा आणि नव्या मालाने दाबून भरा. त्याहून आतही पीठच निघत असेल तर तो भाग उतरवून पुन्हा बांधावा लागेल.

प्रश्न : नव्या भिंतीवर पांढरी बुरशी आली आहे. आम्ल लावून धुऊ का?

बुरशी नव्हे, खार आहे. वीट, वाळू किंवा पाण्यातले क्षार ओलीबरोबर बाहेर येऊन सुकतात. पाण्याने धुतले तर ते विरघळून परत आत जातात. भिंत वाळू द्या आणि कोरड्या ताठ ब्रशने झाडून पूड गोळा करून टाका. नव्या बांधकामात तो बहुधा हळूहळू कमी होतो. आम्ल सांध्यातले सिमेंटही खाते. खार पुन्हा पुन्हा येत असेल तर ओल कुठून येते ते शोधा. समुद्राची वाळू किंवा खारे पाणी वापरले असेल तर मात्र तो बराच काळ पिच्छा सोडत नाही.

प्रश्न : माल कालवल्यावर बोटांना भेगा पडतात. कोणते मलम लावावे?

मलमाआधी रबरी हातमोजे. ओले सिमेंट चांगलेच क्षारधर्मी असते, कातडी हळूहळू भाजते आणि आग होईपर्यंत कळतही नाही. बुटात किंवा मोज्यात माल शिरला तर लगेच काढून धुवा. डोळ्यात उडाला तर वाहत्या पाण्याने 15-20 मिनिटे धूत राहा आणि डॉक्टर गाठा. चुना असेल तर अधिकच घाईने.