वेब प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी सर्व्हर विकत घ्यावा का?

प्रश्न : माझी मुलगी संगणक अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला वेब अ‍ॅप्लिकेशन तयार करायला शिकायचे आहे. शहरातील एका क्लासने शुल्काव्यतिरिक्त वर्षभराचे होस्टिंग आणि नवा लॅपटॉप घ्यायला सांगितले आहे. घरी चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे आणि गावात इंटरनेट धड चालत नाही. आमचे दूध संकलन केंद्र आहे. एवढा खर्च आत्ताच करावा का?
– एक पालक, कराड तालुका

उत्तर : सप्रेम नमस्कार. होस्टिंग (म्हणजे इंटरनेटवरील सर्व्हरची भाड्याने घेतलेली जागा) आणि लॅपटॉप हे दोन्ही खर्च आपण तूर्त थांबवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेब सर्व्हर म्हणजे कुठेतरी दूर ठेवलेले महागडे यंत्रच असते, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात तो एक प्रोग्रॅम असून ब्राउझरने मागितलेले पान तयार करून परत पाठवणे हे त्याचे काम असते, आणि ते काम आपल्या घरचा लॅपटॉपही करू शकतो. मागणारा ब्राउझर आणि देणारा सर्व्हर एकाच यंत्रावर असतात तेव्हा पत्ता लोकलहोस्ट, म्हणजेच १२७.०.०.१ असतो. ही देवाणघेवाण यंत्राबाहेर जातच नसल्यामुळे इंटरनेट फक्त सॉफ्टवेअर उतरवून घेण्यापुरते लागते. सरावासाठी चार जीबी रॅम पुरेशी आहे.

विंडोजवर सुरुवात करायची असल्यास अपाचे सर्व्हर, मारियाडीबी हा माहिती साठवणारा डेटाबेस आणि पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा एकत्र देणारे झॅम्प हे मोफत पॅकेज सोयीचे आहे. ते ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये न टाकता थेट सी ड्राइव्हवर टाकावे, म्हणजे परवानग्यांच्या अडचणी येत नाहीत. झॅम्पच्या कंट्रोल पॅनलमध्ये अपाचेसमोरचे बटण दाबल्यावर नाव हिरवे झाले की सर्व्हर चालू झाला. आपण लिहिलेल्या फाइल्स एचटीडॉक्स या फोल्डरमध्येच ठेवायच्या असतात. येथे बहुतेक विद्यार्थी एकदा तरी अडखळतात : ते फाइलवर डबल-क्लिक करतात आणि ब्राउझरमध्ये निकालाऐवजी स्वतःचाच कोड दिसला, किंवा काहीच दिसले नाही, की गोंधळतात. फाइल सर्व्हरमार्फत मागवलेलीच नसल्यामुळे पीएचपीला ती वाचण्याची संधीच मिळालेली नसते. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा पत्ता टाकून तीच फाइल उघडली की फरक लगेच लक्षात येतो.

अपाचे सुरूच होत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. त्याला हवे असलेले ८० क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे देवाणघेवाणीचे क्रमांक दिलेले दार, बहुधा विंडोजच्याच एखाद्या सेवेने आधी अडवलेले असते. कंट्रोल पॅनलमधील नेटस्टॅट बटणावरून पोर्ट कोणाकडे आहे ते कळते. मग अपाचेच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘लिसन ८०’ऐवजी ८०८० लिहून पत्त्यातही तो क्रमांक जोडला की काम भागते. अशा वेळी मुलीने सगळे काढून पुन्हा इन्स्टॉल करण्याची घाई करू नये, लॉग, म्हणजे सर्व्हर जिथे चुकांची नोंद ठेवतो ती फाइल, उघडून वाचावा. नोकरीच्या पहिल्या वर्षी हेच काम रोज पदरी पडते आणि लॉग न वाचता अंदाजाने बदल करणारा उमेदवार मुलाखतीतही चटकन ओळखू येतो.

सरावासाठी विषय शोधत बसण्याची गरज नाही, तो आपल्या घरातच आहे. सभासद क्रमांक, दिनांक, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट आणि दर यांची नोंद घेऊन दहा दिवसांचे बिल काढणारे अ‍ॅप्लिकेशन तिने तयार करावे. डेटाबेस तयार करताना यूटीएफ८एमबी४ ही अक्षरे साठवण्याची पद्धत निवडावी, अन्यथा सभासदांच्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटण्याची शक्यता असते. काम संपल्यावर डेटाबेस कंट्रोल पॅनलमधूनच थांबवावा, कारण वीज जाऊन यंत्र अचानक बंद पडल्यास तो बिघडू शकतो. त्यामुळे पीएचपीमायअ‍ॅडमिन या डेटाबेस हाताळण्याच्या साधनातून एक्स्पोर्ट केलेली प्रत पेन ड्राइव्हवरही असावी. झॅम्पमध्ये डेटाबेसच्या रूट या मुख्य वापरकर्त्याला सुरुवातीला पासवर्ड नसतो. घरच्या सरावाला ते चालते, इंटरनेटवर मात्र असा सर्व्हर कदापि खुला ठेवू नये.

केंद्राचे एक संपूर्ण बिल हाताने केलेल्या हिशेबाशी तंतोतंत जुळले की होस्टिंगचा विचार करावा. क्लासला माझा सरसकट विरोध नाही, परंतु पैसे भरण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे की विद्यार्थी स्वतःच्या लॅपटॉपवर सर्व्हरची मांडणी स्वतः करतात, की त्यांना सगळे तयार असलेल्या संगणकांसमोर बसवले जाते. दुसरे उत्तर मिळाल्यास ते शुल्क भरू नये.