वाचक विचारतात : एफ-होलवाल्या गिटारी आणि त्यांचा आवाज

मागच्या अंकात जॅझच्या आर्चटॉप, म्हणजे वरची फळी फुगीर असलेल्या, गिटारबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरेच प्रश्न आले. सगळे घेता येत नाहीत, पण जे पुन्हा पुन्हा आले ते घेतोय.

प्रश्न : दादा, मी पुण्यात कॉलेजला आहे, स्ट्रॅट टाइप (सलग ठोकळ्याची इलेक्ट्रिक) गिटार वाजवतो. तुम्ही वेस मॉन्टगोमेरी, जो पास हे जॅझ गिटारवाले ऐका म्हणून लिहिलं होतं, ऐकलं. हात भारी आहेत, पण आवाज असा काय, अ‍ॅम्पवर गोधडी टाकल्यासारखा? आणि नोट वाजली की लगेच मरते. लोक यासाठी लाखो रुपये का घालवतात?

उत्तर : गोधडी आहे हे खरंय, आणि ती मुद्दाम टाकलेली आहे. नोट लगेच मरते हेही खरं, पण माझ्या मते खरी मजा तिथंच आहे. का ते सांगतो, जरा मागं जावं लागेल.

१९२० च्या आसपास अमेरिकेतल्या डान्स बँडमध्ये ऱ्हिदमला बॅंजो असायचा, कारण ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच यायची नाही. मिशिगनमधल्या कॅलमॅझू गावात गिब्सनचा कारखाना होता, तिथं लॉइड लोरच्या देखरेखीखाली १९२२ ला एल-५ नावाची गिटार निघाली. स्प्रूस लाकडाचं टॉप (वरची फळी) व्हायोलिनसारखं फुगीर कोरलेलं, मागची बाजू मेपलची, मधल्या गोल भोकाऐवजी दोन बाजूंना एफ आकाराची भोकं, ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो) चांगला उंच आणि तारांची टोकं खाली टेलपीस नावाच्या पट्टीला अडकवलेली. आता या उंच ब्रिजवरनं तारा जातात म्हणजे त्या टॉपला सतत खाली दाबत असतात, पिक मारला की तारेतली ताकद झटकन टॉपमध्ये उतरते, आवाज एकदम बाहेर फेकला जातो आणि तितक्याच लवकर संपतो. तुझ्यासारख्या सॉलिड बॉडीत, म्हणजे पोकळ नसलेल्या गिटारीत, लाकूड फारसं हलत नाही, ताकद तारेतच राहते, म्हणून तुझ्या स्ट्रॅटची नोट लांबते.

बँडला नेमकं हे तुटक वाजणंच पाहिजे होतं. काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन १९३७ पासनं ते १९८७ ला वारला तोपर्यंत, अ‍ॅम्पच्या भानगडीत न पडता, दर मापाला चार ठोके देत बसला. त्याची कॉर्ड लांबली असती तर पुढच्या ठोक्यात शिरली असती आणि ड्रम, बेस, गिटार सगळ्यांचा काला झाला असता. त्याची गिटार वेगळी अशी ऐकू येत नाही, पण ती काढली तर बँड लंगडा होईल.

मग पिकअप आला, म्हणजे तारांचं हलणं विजेत बदलून पुढं पाठवणारा भाग. गिब्सननं १९३६ ला ईएस-१५० काढली, नावातला आकडा म्हणजे गिटार, अ‍ॅम्प आणि केबल मिळून साधारण तेवढे डॉलर. ओक्लाहोमा सिटीत वाढलेला चार्ली ख्रिश्चन ती घेऊन १९३९ ला बँडवाल्या बेनी गुडमनकडं गेला आणि सॅक्सोफोनवाले घेतात तसे लांबलचक सोलो गिटारवर घ्यायला लागला. १९४२ ला टीबीनं गेला, वय २५. म्हणजे मोठ्या बँडमध्ये जेमतेम दोन वर्षं, आणि तेवढ्यात त्यानं पुढच्या सगळ्या जॅझ गिटारवाल्यांना वाट दाखवून दिली, त्यात वेसही आला, तो ख्रिश्चनचे रेकॉर्ड ऐकूनच शिकला.

आता गोधडी. एक तर पिकअप नेकजवळचा, तिथं तार जास्त हलते, मूळ सूर जाड येतो आणि वरचा किणकिणाट कमी. दुसरं, तारा जाड आणि फ्लॅटवाउंड, म्हणजे वरनं गुळगुळीत पट्टी गुंडाळलेली. टोनचं बटण बरंच खाली. वेस तर पिकही वापरत नव्हता, अंगठ्यानंच वाजवायचा, दिवसा कारखान्यात नोकरी आणि रात्री रियाज, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून अंगठा, असं सांगतात. एवढं सगळं केल्यावर नोटेची सुरुवात गोल होते, "टुक" असा लाकडी ठोका ऐकू येतो आणि पुढं थोडासाच सूर. म्हणून हे वादक फ्रेज बोलल्यासारखी तोडतात, एकच नोट ताणून ठेवायची सोयच नाही, काहीतरी बोलावंच लागतं.

तू लाखो रुपये घालवू नकोस. तुझ्याच गिटारला ११ किंवा १२ च्या (जाडीच्या) फ्लॅटवाउंड तारा लाव (नेक बघून घे, ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळी, थोडी फिरवावी लागेल), नेक पिकअप घे, टोन निम्म्यावर आण, रिव्हर्ब नाही, काही नाही, आणि एक ब्लूज अंगठ्यानं वाजव. आर्चटॉपसारखा आवाज नाही येणार, पण ते लोक काय ऐकतात ते कळेल.

प्रश्न : आमच्या आजोबांची एक गिटार कोल्हापूरच्या घरी माळ्यावर सापडली, व्हायोलिनसारखी भोकं आहेत. तारा काढल्या तर ब्रिजच हातात आला! मोडली का? फेविकॉलनं चिकटवून टाकू का?

उत्तर : अहो थांबा, फेविकॉल खाली ठेवा आधी. मोडलेलं काही नाही. या गिटारचा ब्रिज चिकटवलेला नसतोच, तारांच्या दाबानं जागेवर उभा असतो. म्हणूनच तारा बदलताना एकेक काढायची आणि लगेच नवीन लावायची. सगळ्या एकदम काढल्या की ब्रिज निघतो आणि त्याची जागा हरवते.

जागा परत शोधायची पद्धत सोपी आहे. वरच्या नटपासनं (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढंच बाराव्या फ्रेटपासनं ब्रिजपर्यंत. तिथं ब्रिज ठेवून तारा हलक्या ताणा, मग बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून निघणारा सूर) वाजवा आणि त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा, दोन्ही सूर एक आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा लागला तर ब्रिज टेलपीसकडं सरकवा, उतरा लागला तर नेककडं. जाड तारांची बाजू जराशी मागं राहते, ब्रिज तिरका दिसला तर घाबरू नका. जमलं की पेन्सिलनं बारीक खूण करा. आणि ब्रिजचे पाय टॉपच्या गोलाईला पूर्ण टेकले पाहिजेत, मध्ये कागद सरकत असेल तर निम्मा आवाज तिथंच गेला. टॉपवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून ठेवून त्यावर ब्रिज घासून बसवतात, पण हे काम गिटार दुरुस्तीवाल्याकडनं करून घ्या.

आता ती गिटार कसली आहे ते. एफ-होलच्या कडेला टॉर्च मारून बघा. कडेत दोन-तीन थर दिसले तर प्लाय, वरच्या लाकडाच्या रेषा कडेतनं सरळ आत गेलेल्या दिसल्या तर सलग लाकूड. भोकातनं आत लेबल दिसतंय का तेही बघा. आणि ब्रिजच्या खाली टॉप बसलंय का हे सगळ्यात महत्त्वाचं, फुगीर असायला हवं तिथं सपाट किंवा खोलगट दिसत असेल तर आतल्या पट्ट्या सुटल्यात, तारा ताणूच नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर हे हमखास होतं.

मुंबईत १९३० आणि ४० च्या दशकांत ताजसारख्या हॉटेलांत जॅझ बँड वाजायचे, त्यातले बरेच वादक गोव्याचे, पुढं तेच लोक सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले, त्यामुळं अशा गिटारी आपल्याकडं नव्हत्याच असं नाही. आजोबा कुठं वाजवायचे ते घरातल्या जुन्या माणसांना विचारा, गिटार किती किमतीची याच्यापेक्षा मला ते ऐकायला जास्त आवडेल.

प्रश्न : एल-५ कोरीव लाकडाची आणि ईएस-१७५ चक्क प्लायवूडची, असं वाचलं. मग १७५ म्हणजे गिब्सननं केलेली फसवणूकच नाही का? – नाशिकहून एक वाचक

उत्तर : नाही हो. प्लाय म्हटलं की आपल्याला कपाटाची फळी आठवते तिथं गडबड होते. १७५ आली १९४९ ला, किंमत १७५ डॉलर, मेपलचे थर साच्यात दाबून केलेलं टॉप. स्वस्त पडायची हे कारण होतंच, नाही कशाला म्हणा. पण कोरीव टॉप फार मोकळं हलतं आणि अ‍ॅम्प मोठा केला की हूं करून फीडबॅक सुरू होतो, प्लायचं टॉप आखडतं राहतं, स्टेजवर जास्त सोसतं. शिवाय हवामान बदललं तरी फार हलत नाही, मुंबई-कोकणात राहणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. बिन अ‍ॅम्पची वाजवली तर एल-५ पुढं १७५ किरकोळ वाटते. अ‍ॅम्पमधनं मात्र तिचा तो कोरडा "टुक" मला कधी कधी एल-५ पेक्षा जास्त आवडतो, आता यावर मला पत्रं येणार, येऊ द्या.

आणि ती वाजवली कोणी बघा. जॅझ गिटारवाल्या जिम हॉलनं दुसऱ्या गिटारवाल्या हॉवर्ड रॉबर्ट्सकडनं जुनी घेतली, पी-९० (एका गुंडाळीच्या जुन्या) पिकअपवाली, आणि वर्षानुवर्षं तीच वाजवली. जो पास व्यसनमुक्ती केंद्रात होता, स्वतःची धड जॅझ गिटारही नव्हती, तर एका चाहत्यानं १९६३ ला त्याला १७५ घेऊन दिली. या दोघांच्या १७५ एकामागनं एक ऐकल्या तर एकाच मॉडेलचा आवाज किती वेगळा निघतो ते कळतं, हॉल कमी नोटा घेतो आणि मध्ये जागा सोडतो, पास एकटाच बेस, कॉर्ड आणि मेलडी तिन्ही ओढतो.

प्रश्न : आर्चटॉपवर डिस्टॉर्शन (रॉकसारखा फाटलेला आवाज) चालतं का? की ही फक्त जॅझवाल्यांचीच?

उत्तर : जॅझवाल्यांचीच अजिबात नाही. कार्टर फॅमिली या कंट्री गाणाऱ्या कुटुंबातल्या मेबेल कार्टरकडं १९२८ ची एल-५ होती, तीही कंट्रीसाठी. एल्विसच्या १९५४ च्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचा गिटारवाला स्कॉटी मूरकडं ईएस-२९५ होती, म्हणजे १७५ चीच सोनेरी बहीण. डिस्टॉर्शन लावलंत तर मात्र पोकळ गिटार ओरडायला लागेल, भोकांत स्पंज कोंबून थोडं थांबतं. तेच पाहिजे असेल तर १९५८ ला आलेली ईएस-३३५ बघा, दिसायला एफ-होल आहेत पण मधोमध मेपलचा ठोकळा आहे, म्हणून फीडबॅक आवरतो.

प्रश्न : आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो, मूळचे सांगलीचे. कॅलमॅझू इथनं दोन-अडीच तासांवर आहे. बघण्यासारखं काही आहे का? आणि सेकंडहँड १७५ घेताना काय बघू?

उत्तर : गिब्सननं तिथला कारखाना १९८४ ला बंद केला आणि सगळं नॅशव्हिलला नेलं. काही जुने कारागीर गाव सोडायला तयार नव्हते, त्यांनी १९८५ ला पार्सन्स स्ट्रीटवरच्या त्याच इमारतीत हेरिटेज नावानं गिटारी करायला घेतल्या. जायच्या आधी फोन करून घ्या. हेरिटेजच्या आर्चटॉप्सही वाजवून बघा, सेकंडहँडमध्ये गिब्सनपेक्षा बऱ्याचदा कमी भावात मिळतात.

१७५ घेताना सगळ्यात आधी हेडस्टॉकच्या (तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या डोक्याच्या) मागं, नटच्या खाली बघा, गिब्सन तिथं मोडते आणि चिकटवलेली असली तर किंमत बरीच उतरते. ब्रिज अगदी खालपर्यंत उतरवलेला असेल आणि तरी तारा उंच असतील तर नेकचा कोन गेलाय, तो खर्च मोठा आहे. जुन्या गिटारचा पिकगार्ड भुगा होत असेल तर काढून वेगळा ठेवा, त्याच्या वाफेनं जवळच्या धातूला गंज चढतो. १९५७ च्या आधीची म्हणून कोणी हंबकर (दोन गुंडाळ्यांच्या) पिकअपवाली दाखवली तर पिकअप नंतर बदललेत, हंबकर १९५७ पासनं आले, त्याआधी पी-९०. अ‍ॅम्पला लावायच्या आधी दहा मिनिटं तशीच वाजवून घ्या, आत काही खडखडतंय का ते तेव्हाच कळतं.