पाना हातात घेण्याआधी: ट्यूनिंगबद्दल वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

वडिलांची 1994 ची मारुती 800, कार्बोरेटरवाली, अजून दारात उभी आहे. वर्षभरापासून सकाळी खोकते, घाटात पिकअप सोडते. दोन मिस्त्रींकडून 'ट्यूनिंग' करून घेतलं, पण आठ दिवसांत पुन्हा तेच. स्वतः शिकून करू का? (नाशिक)

करा. शिकायला यापेक्षा गरीब गाडी मिळणार नाही. 796 सीसी, तीन सिलिंडर, बॉनेट उघडलं की तिन्ही स्पार्क प्लग हाताशी.

तुमच्या दोन्ही मिस्त्रींनी काय केलं असेल ते मी न बघता सांगतो. गाडी चालू ठेवली, कार्बोरेटरचा (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) स्क्रू अर्धा आटा आत, पाव आटा बाहेर, कान लावला आणि 'झालं साहेब'. कानाने ट्यूनिंग करणारे खरे उस्ताद मी पाहिले आहेत, माझे गुरूही त्यातलेच. पण ते कार्बोरेटरला हात लावायचे सगळ्यात शेवटी. आधी एअर फिल्टर. मग प्लग काढून त्यांचा रंग. मग थंड इंजिनावर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, फट. गाडीत पॉइंट (ठिणगी पाडणारा जुना यांत्रिक स्विच) असतील तर त्यांची गॅप. मग टायमिंग लाइट लावून टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. यातलं एक जरी बिघडलेलं असेल, तर स्क्रू फिरवून तुम्ही फक्त ती चूक झाकता. आठ दिवसांनी ती पुन्हा वर येते.

टॅपेट, गॅप आणि टायमिंगचे आकडे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या, शेजाऱ्याच्या गाडीचे नकोत. प्लगचं टोक मारी बिस्किटाच्या रंगाचं असेल तर मिश्रण ठीक आहे. काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरंफटक असेल तर कमी. स्क्रूला हात लावण्याआधी तो हलकेच आत बसेपर्यंत फिरवा, आटे मोजा आणि वहीत लिहा. मग होता तिथे परत आणा. एवढं केलं की काहीही बिघडलं तरी मूळ जागी परतता येतं. बहुतेक हौशी लोकांची गोची इथेच होते, कारण सुरुवात कुठून केली तेच आठवत नाही.

'वर्षभरापासून' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. हल्ली पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. निव्वळ पेट्रोलचा एक किलो जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला जेमतेम 9. इंजेक्शनची गाडी (कॉम्प्युटरच्या हिशेबाने पेट्रोल फवारणारी) ऑक्सिजन सेन्सरवरून हा फरक ओळखून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरला हे कोण सांगणार? पेट्रोल सोडणाऱ्या त्याच्या जेटचं भोक ठरलेलं. त्यामुळे जुनं सेटिंग नव्या पेट्रोलवर कोरडं पडतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि गाडी थंडीत खोकते, चढावर अडखळते. आयडलचा स्क्रू फक्त उभ्या गाडीचं मिश्रण सुधारतो. घाटातल्या पिकअपसाठी मेन जेट एक नंबर मोठा लागू शकतो. हे काम मात्र जेटचा संच आणि गॅस अॅनालायझर (धुरातले वायू मोजणारं यंत्र) असलेल्या माणसाकडेच करून घ्या. त्याच वेळी पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम बदला, जुन्या रबराला इथेनॉल खातं. टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा सुटून फिल्टर तुंबतो, तेही बघा.

अॅनालायझर घरी कुणाकडे नसतो, पण पीयूसीवाल्याकडे असतो. गाडी चांगली गरम करून न्या आणि स्क्रीनवरचा सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा दाखवायला सांगा. तुमच्या काळच्या पेट्रोल गाडीला सीओची मर्यादा 3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 1,500 पीपीएम आहे. घरी फेरबदल केल्यावर पुन्हा जाऊन आकडा बघा.

गाडी चालू ठेवून काम करायचं ते अंगणात, शटर लावलेल्या गॅरेजात कधीही नाही. सीओ विषारी असतो आणि त्याला वास नसतो. आणि फॅनबेल्टजवळ ओढणी किंवा लांब बाही नको.

माझ्याकडे 2013 ची 1.3 लिटरची डिझेल हॅचबॅक आहे, 75 पीएसची (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती), दीड लाख किलोमीटर झालेत. ऑनलाइन 'ट्यूनिंग बॉक्स' स्वस्तात मिळतो, रिमॅपवाला (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीयूचं, सॉफ्टवेअर बदलणारा) त्याच्या कितीतरी पट मागतो. मित्र म्हणतो, 'माझ्याकडे केबल आहे, लॅपटॉपवर फुकट करून देतो.' कोणाचं ऐकू? (इचलकरंजी)

आधी इंजिनाचं ऐका. हे फियाटचं मल्टिजेट. आपल्या रांजणगावलाही बनायचं आणि मारुती, टाटा, फियाट अशा कितीतरी गाड्यांत बसायचं. 75 पीएस आणि 90 पीएस अशी त्याची दोन रूपं होती. लोकांना वाटतं फरक फक्त सॉफ्टवेअरचा, फाइल टाकली की 75 चे 90. तसं नाही. 90 वाल्याला व्हेरिएबल जॉमेट्रीचा (पाती वळवून दाब जुळवणारा) टर्बो होता, तुमचा साधा आहे. टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा. फाइल टाकून टर्बो बदलत नाही.

स्वस्त बॉक्स काय करतो? कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी, हिच्यातलं प्रेशर हजार बारच्याही बरंच वर जातं. ते मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरमध्ये हा बॉक्स बसतो आणि ईसीयूला खोटं सांगतो की प्रेशर कमी आहे. ईसीयू बिचारा प्रेशर वाढवतो, डिझेल जास्त जातं, पिकअप मिळतो. पण ईसीयूच्या हिशेबात सगळं नेहमीसारखंच असतं, त्यामुळे एग्झॉस्ट तापला, धूर वाढला, तरी तो आवरत नाही. दीड लाख किलोमीटर चाललेल्या इंजेक्टरवर हा प्रयोग मी करणार नाही.

मित्राच्या केबलबद्दल एकच विचारा: फाइल लिहिताना बॅटरीचा व्होल्टेज पडला तर काय करणार? अर्धवट लिहिलेला ईसीयू म्हणजे गाडी टो करून नेणं. नीट काम करणारा माणूस आधी बॅटरीला सपोर्ट युनिट लावतो, मूळ फाइल वाचून तिची प्रत तुमच्याकडे देतो, इंजेक्टरच्या करेक्शन व्हॅल्यू (प्रत्येक इंजेक्टरचं डिझेल ईसीयू किती कमी-जास्त करतोय ते आकडे) बघतो आणि त्या बिघडलेल्या असतील तर रिमॅपला चक्क नाही म्हणतो. मग डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आधीचा आणि नंतरचा ग्राफ, दोन्ही एकाच गिअरमध्ये. हे सगळं करत नसेल, तर तो तुमच्या मित्रापेक्षा वेगळा नाही, फक्त महाग आहे. आणि टॉर्क वाढला की जुना क्लच घसरायला लागतो, तो खर्च आत्ताच धरा.

'ईजीआर बंद करून देतो' म्हणणाऱ्याकडून मात्र उठून या. ईजीआर म्हणजे थोडा एग्झॉस्ट परत इंजिनात सोडून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारा व्हॉल्व्ह. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची घनता बघतात, नायट्रोजन ऑक्साइड कुणी मोजत नाही, याच भरवशावर हा धंदा चालतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

माझं मत विचाराल तर या पैशात इंजेक्टर तपासून घ्या, इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाच्या) नळ्यांची गळती बघा, एअर फिल्टर बदला. तुमच्या इंजिनाला मूळचे 75 पीएस तरी परत मिळतील. आत्ता ते येत असतील असं मला वाटत नाही.

घरी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) घेतला. 'चेक इंजिन'चा दिवा लागला की मी कोड पुसतो, चार दिवसांनी परत येतो. कोड पी 0171. (पिंपरी)

दिवा विझवणं म्हणजे तापात थर्मामीटर फोडणं. हा कोड सांगतो की इंजिनाला हवा जास्त किंवा पेट्रोल कमी मिळतंय. त्याच स्कॅनरवर 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' बघा, म्हणजे ईसीयूने पेट्रोल किती टक्के कमी-जास्त केलंय ते. हा आकडा शून्याच्या आसपास असायला हवा. वीसच्या वर असेल तर ईसीयू मोठी तूट भरून काढतोय. आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असेल, तर कुठेतरी नळी फाटून हवा ओढली जातेय. ती तुम्ही स्वतः शोधू शकता. उलट, रेसमध्ये वाढत असेल तर पेट्रोल पंप किंवा हवा मोजणारा सेन्सर, त्यासाठी गॅरेज. पुसण्याआधी आकडे लिहून ठेवा, पुसल्यावर ते जातात.

नवी टर्बो पेट्रोल, दोन वर्षं वॉरंटी बाकी. स्टेज वन (फक्त सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करू? (रत्नागिरी)

नको. मूळ फाइल परत टाकली तरी कंपनीला छेडछाड कळू शकते. शिवाय युरोपातल्या 98 ऑक्टेनसाठी लिहिलेली फाइल आपल्या साध्या पेट्रोलवर नॉकिंग करते, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून इंजिनात ठोके बसतात. नॉकिंग किती सहन करायचं हे पिस्टन ठरवतो, इन्स्टाग्राम नाही.

सर्व्हिसच्या बिलात 'इंजिन ट्यूनिंग' म्हणून वेगळी रक्कम लावतात. गाडी इंजेक्शनची आहे. (ठाणे)

इंजेक्शनच्या गाडीत मिश्रण आणि टायमिंग ईसीयू बघतो, फिरवायला स्क्रूच नाही. या नावाखाली बहुधा प्लग, थ्रॉटल बॉडीची (हवा आत सोडणाऱ्या झडपेची) सफाई आणि केमिकलची एखादी बाटली टाकीत ओतणं येतं. पहिली दोन कामं योग्य किलोमीटरला गरजेची आहेत, बाटलीला सरळ नाही म्हणा. पुढच्या वेळी बिल भरण्याआधी जुने प्लग परत मागा. नवे खरंच टाकले असतील तर जुने कुठेतरी असणारच.