प्लेस्टेशन ५ पाचव्या पिढीतला की नवव्या? 'पिढी' या शब्दाची थोडी चिरफाड

प्रश्न असा आलाय: एका लेखाचं भाषांतर करताना "प्लेस्टेशन ५ हा नवव्या पिढीचा कन्सोल आहे" असं वाक्य लिहिलं (कन्सोल म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, आणि प्लेस्टेशन हा सोनी कंपनीचा), तर तपासणाऱ्याने 'नवव्या' वर लाल गोल करून समासात "पाचव्या?" असं लिहून परत पाठवलं. तर बरोबर काय, आणि मुळात जनरेशनला 'पिढी' म्हणणं मराठीत बसतं का, की 'श्रेणी', 'आवृत्ती', 'युग' असं काहीतरी शोधावं?

आधी सोपं उत्तर देऊन टाकतो. तुमचं बरोबर आहे, नववीच पिढी. पण तपासणाऱ्यालाही अगदी वेड्यात काढू नका, कारण त्याने मराठी माणूस पिढी जशी मोजतो तशीच मोजलीय.

आपण पिढी मोजतो ती उभी. मी, माझे वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. गंमत म्हणजे प्लेस्टेशनच्या घरात हे अगदी चपखल बसतं. पाचचा बाप चार, आजोबा तीन, पणजोबा दोन आणि खापरपणजोबा १९९४ च्या डिसेंबरात जपानमध्ये आलेलं ते पहिलं राखाडी प्लेस्टेशन. म्हणजे घराण्याच्या हिशेबाने पाचवी पिढी, प्रश्नच नाही. पण गेमवाले लोक नववी म्हणतात तेव्हा ते आडवं मोजत असतात. त्यांच्या लेखी पिढी म्हणजे साधारण एकाच काळात दुकानात शेजारी शेजारी मांडलेले आणि एकमेकांचं गिऱ्हाईक पळवणारे कन्सोल, मग ते कुठल्या का घराण्यातले असेनात. आपल्याकडे हा आडवा अर्थ नाही असं मुळीच नाही, 'आमच्या पिढीला हे कळायचं नाही' म्हणतो तेव्हा आपण काही वंशावळ सांगत नसतो, बरोबरीच्या लोकांबद्दल बोलत असतो. कॉलेजातल्या 'बॅच' सारखं. फक्त आकडा लागला की, 'पाचवी पिढी', 'सातवी पिढी' असं म्हटलं की मराठी डोकं आपोआप वंशावळीकडे वळतं, कारण आकडा लावून पिढी आपण तिथेच मोजतो (आणि शिव्या देताना, तिथे सात).

तर सोनी या शर्यतीत उतरली तेव्हा आधीच चार पिढ्या होऊन गेल्या होत्या. सोनीचा पहिला कन्सोल म्हणजे जगाची पाचवी पिढी, सेगाचा सॅटर्न आणि निन्टेन्डो ६४ यांच्या बरोबरीचा. तिथून मोजत या, २००० चं प्लेस्टेशन २ सहावी, २००६ चं ३ सातवी, २०१३ चं ४ आठवी आणि १२ नोव्हेंबर २०२० ला आलेलं ५ नववी. त्याच आठवड्यात दोन दिवस आधी एक्सबॉक्स सिरीज एक्स आला, तोही नववा, आणि त्याच्या घरात तर तो चौथाच. नावावरून पिढी काढायला जाल तर त्याच घरातल्या एक्सबॉक्स ३६० ची ३६० वी निघेल.

आता मागे जाऊ, कारण खरी मजा मागेच आहे. पहिला घरगुती कन्सोल मॅग्नावॉक्स ओडिसी, अमेरिकेत १९७२ साली, राल्फ बेअर या इंजिनिअरच्या कल्पनेतनं आलेला. त्यात प्रोसेसर (हिशेब करणारी चिप) नावाची गोष्टच नव्हती, जे काही खेळ होते ते सर्किटमध्येच. कार्डं होती पण ती नुसती जोडण्या बदलायची, खेळ त्या कार्डावर नसायचा. मग १९७६ च्या नोव्हेंबरात फेअरचाइल्ड चॅनल एफ आला, जेरी लॉसन यांच्या टीमचा, त्यात मायक्रोप्रोसेसर होता आणि खेळ वेगळ्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे आपण ज्याला वर्षानुवर्षं 'कॅसेट' म्हटलं ते प्रकरण इथे सुरू झालं. ही दुसरी पिढी. आणि पुढच्या वर्षी, १९७७ ला, निन्टेन्डोने जपानमध्ये कलर टीव्ही-गेम काढला ज्यात खेळ आतच ठोकून बसवलेले, म्हणून तो मोजला जातो पहिल्या पिढीत. म्हणजे जन्माला आला पुतण्याच्या नंतर आणि नात्याने काका! एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला यात काहीच विचित्र वाटणार नाही, आमच्याकडे एक काका मला 'दादा' म्हणायचा.

इथे लक्षात घ्या, पहिली आणि दुसरी पिढी वेगळी केली ती बनावटीवरून. पुढे मात्र बनावट मागे पडली आणि 'कोण कुणाशी भिडलं' हे पुढे आलं. मोजमापाचा गज मध्येच बदललाय. हे असं का, तर ही मोजणी कुठल्या कंपनीने किंवा मानक ठरवणाऱ्या संस्थेने केलेलीच नाही. मोबाइलच्या ३जी, ४जी, ५जी मधला 'जी' पण जनरेशनचाच, पण तिथे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ बसून निकष ठरवतो. कन्सोलचं तसं नाही. कंपन्या फार तर 'नेक्स्ट-जेन' म्हणणार, आकडे मागाहून बघणाऱ्यांनी, पत्रकारांनी, हौशी इतिहासकारांनी आणि ज्ञानकोश लिहिणाऱ्यांनी लावले. आणि शाळेत आपण 'संगणकाच्या पिढ्या' शिकलो ना, व्हॅक्यूम ट्यूब, ट्रान्झिस्टर, आयसी, मायक्रोप्रोसेसर, ती तर तिसरीच तऱ्हा, तिथे निव्वळ आतला भाग बदलला की पिढी बदलली. एकच जनरेशन शब्द आणि तीन हिशेब.

ऐंशी नव्वदच्या दशकात लोक पिढी म्हणतही नव्हते फारसं, 'बिट' म्हणायचे, म्हणजे प्रोसेसर एका दमात किती माहिती हाताळतो त्याचं माप. ८-बिट, १६-बिट. बाजारात ते चालून गेलं पण खोलात गेलं की फजिती. अटारी २६०० दुसऱ्या पिढीतला, त्यातला प्रोसेसर ८-बिट, ६५०२ नावाच्या चिपच्या घराण्यातला. तिसऱ्या पिढीतल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमचा प्रोसेसरही ६५०२ च्याच घराण्यातला, तोही ८-बिट. चौथ्या पिढीत जो सगळ्यात आधी आला तो पीसी इंजिन नावाचा जपानी कन्सोल, १९८७, अमेरिकेत जाताना नावात १६ लावून गेला, आणि त्याचा मुख्य प्रोसेसर? त्याच कुळातला, ८-बिटच, १६ चा दावा ग्राफिक्सच्या जोरावर. तीन पिढ्या, कूळ एक. आणि चौथीतच ज्याची गणना होते तो १९८९ चा गेम बॉय, तोही ८-बिटच. त्यामुळे बिटवरून पिढी सांगायला जाऊ नका.

बरं, बरोबरीचे म्हटलं तरी बरोबरी कशी असते बघा. १५ जुलै १९८३ ला निन्टेन्डोचा फॅमिकॉम आणि सेगाचा एसजी-१००० एकाच दिवशी जपानमध्ये आले, अगदी जुळे शोभावेत असे, दोघं तिसरी पिढी. याच्या उलट सहावी. सेगाचा ड्रीमकास्ट आला नोव्हेंबर १९९८ ला, मार्च २००१ मध्ये त्याचं उत्पादन बंद, आणि मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स आला नोव्हेंबर २००१ ला. एकाचं तेरावं उरकलं तेव्हा दुसऱ्याचं बारसं व्हायचं होतं, तरी दोघं एका पिढीत. आणि त्याच पिढीतलं प्लेस्टेशन २ इतकं दीर्घायुषी की त्याचं उत्पादन थांबल्याची बातमी आली जानेवारी २०१३ मध्ये, म्हणजे आठव्या पिढीतला निन्टेन्डोचा वी यू नोव्हेंबर २०१२ ला आला तेव्हा आजोबा अजून हयात होते.

आमच्याकडे नव्वदच्या दशकात हे पिढीबिढी काही नव्हतंच खरं तर. टीव्हीला लावायचा तो 'व्हिडिओ गेम', बास. घरोघरी होते ते फॅमिकॉमच्या नकला, पिवळ्या कॅसेटवाले, त्यावर 'नऊ लाख नव्व्याण्णव हजार इन वन' असलं काहीतरी आणि आत खरे खेळ दहा-बारा. चालला नाही की कॅसेट काढायची, फुंकायची, परत लावायची. जपानमध्ये पाचवी पिढी आली तरी आम्ही सुट्टीत तिसरीच खेळत होतो आणि मागे आहोत याचा पत्ताही नव्हता. जपान-अमेरिकेतल्या तारखांवर मोजलेल्या पिढ्या आपल्या दिवाणखान्यात तशाच उतरत नाहीत.

आता शब्दाकडे. 'आवृत्ती' नको, ती एकाच गोष्टीची सुधारून काढलेली प्रत, म्हणजे प्लेस्टेशन ४ ची पातळ स्लिम किंवा २०१६ ची प्रो यांना म्हणा (प्रोला काही जण 'अर्धी पिढी' म्हणतात, तेही मला आवडतं). 'श्रेणी' ऐकलं की वेतनश्रेणी आठवते, शिवाय त्यात वरखाली दर्जा येतो आणि पिढीत दर्जा नसतो. सातव्या पिढीतला निन्टेन्डोचा वी हा ताकदीने एक्सबॉक्स ३६० च्या जवळपासही नव्हता, तरी सातवाच. 'युग' फार मोठं होतं, कलियुग वगैरे, इथे १९७२ ते २०२० या ४८ वर्षांत आठ उड्या म्हणजे सरासरी सहा वर्षांचं युग!

'पिढी' च ठेवा. एक तर 'संगणकाच्या पिढ्या' मुळे यंत्राला पिढी असते हे मराठीला आधीच मान्य आहे. आणि दुसरं माझं आवडतं कारण, थोडं हौशी आहे, चालवून घ्या: जनरेशनच्या मुळाशी जन्म देणं आहे, आपल्या 'जन्' धातूचाच तो लांबचा भाऊबंद, पण पिढीच्या मुळाशी जन्म नाहीच, ती येते 'पीठिका' वरनं, म्हणजे बसायची जागा, आसन. हिंदीत पीढ़ा म्हणजे बसायचं छोटं आसन आजही आहे. गुजरातीत तर 'पेढी' या एकाच शब्दाला पिढीही म्हणतात आणि व्यापाऱ्याची पेढीही. आता कन्सोल एकमेकांना जन्म देत नाहीत, एका पंगतीत बसतात. म्हणजे इंग्रजी शब्दापेक्षा आपलाच जास्त बसतो.

फक्त वापरताना तीन ठिकाणी पाय घसरतो. 'लास्ट-जेन' चं 'शेवटची पिढी' करू नका, छापून आलेलं मी पाहिलंय आणि वाचणाऱ्याला वाटतं कन्सोल बनायचेच बंद झाले, ते 'मागची पिढी' आहे. 'नेक्स्ट-जेन कन्सोल' ला 'नव्या पिढीचा कन्सोल' म्हटलं की तो हल्लीच्या पोरांचा कन्सोल वाटतो, त्यातून आता 'जेन झी' च्या बातम्यांनी पिढी म्हणजे पोरंच असं झालंय, त्यापेक्षा 'कन्सोलची नवी पिढी' असा क्रम फिरवा. आणि तिसरं तुमच्याच वाक्यात आहे. 'नवव्या पिढीचा' मध्ये तो 'चा' वारसा दाखवतो, म्हणून तर तपासणाऱ्याने घराणं मोजलं. 'पिढीतला' केलंत की बरोबरीचे लोक दिसायला लागतात. "प्लेस्टेशन ५ हा कन्सोलच्या नवव्या पिढीतला, सोनीचा स्वतःचा पाचवा" असं लिहा, लाल पेन शांत होईल.

निन्टेन्डो स्विचबद्दल मात्र तुमच्या लेखात पुढे काही असेल तर सांभाळून. तो मार्च २०१७ चा, घराण्यात वी यू च्या पुढचा म्हणून नववा म्हणावा तर भिडला आधी प्लेस्टेशन ४ शी आणि मग ५ शीही. बऱ्याच याद्या त्याला आठव्यात घालतात, काही नवव्यात. मी तिथे आकडाच टाळतो आणि सरळ साल लिहितो.